साडेतेराशे लाल पट्ट्या

लोंबता दोरा असलेला कपडा माझ्या दुकानातून चाळीस वर्षांत कधी बाहेर पडला नव्हता. ही फुशारकी नाही. समोरच्या न्हाव्याला विचारा, त्याचं माझ्याशी पटत नाही, तरी तो हेच सांगेल. यंदा मात्र एका दिवसात साडेतेराशे लोंबते दोरे बाहेर पडले आणि तेही गावाच्या देखत. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ती मी मान वर करून सांगणार आहे.

माझं दुकान म्हणजे बाजारपेठेतली एक खोली. खिडकीखाली कापणीचं टेबल, भिंतीला दोन मशिनी, एक कोपरा फुटलेला आरसा आणि दोन फळ्या. खालच्या फळीवर दुरुस्तीचे कपडे, वरच्या फळीवर पास झालेले. पास कसं व्हायचं, याची पद्धत ठरलेली आहे. शिवून झालेला कपडा माझ्यासमोर आला की मी तो उलटा करतो, शिवणी ताणून बघतो, खिडकीच्या उजेडात धरतो. चूक असेल तर बोलतो, आणि बोलायला लागलो की लवकर थांबत नाही. चूक नसेल तर एक अक्षर न बोलता घडी घालतो आणि वरच्या फळीवर ठेवतो. काजं आणि बटणं करणाऱ्या मावशी वीस वर्षं माझ्याकडे आहेत. त्या नव्या बाईला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘या माणसाचं तोंड बंद राहिलं की समजायचं, काम चांगलं झालं.’

घरीही कायदा तोच. आमची मुलगी शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन यायची. मी ते उलटंसुलटं बघायचो, उजेडात धरायचो आणि मिटून तिच्या हातात द्यायचो. तिची आई चिडायची.

“अहो, पोरगी पहिली आलीये. दोन शब्द बोला की.”

“घडी घातली ना?” मी म्हणायचो.

पुढे ती गुरांची डॉक्टर झाली. आज मोटारसायकलवरून चौदा गावं फिरते, अडलेल्या गाईंची सुटका करते, कुत्र्यांना टोचते. लोकांसमोर मीही तिला ‘डॉक्टर’च म्हणतो. तो शब्द उच्चारताना माझा आवाज जरा चढतो, असं मावशींचं म्हणणं आहे. मी ते मान्य केलेलं नाही.

तर यंदा थंडी सरताना लांडगे आले. गावाच्या वरच्या उतारावर माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दोनशे मेंढ्या घेऊन राहतो. मेंढ्या व्यायचे दिवस होते, मेंढवाड्यात इवली इवली कोकरं होती. महिन्याभरात नऊ मेंढ्या गेल्या. मेहुणा तसा मऊ माणूस, पण एखादी मेंढी खोकली तरी त्याला रात्रभर झोप लागत नाही. नववी गेली तेव्हा तो गावाच्या सभागृहात आला आणि त्यानं टेबलावर विषाची बाटली आणून ठेवली. मेलेल्या मेंढीचं मांस, त्यावर हे औषध, आणि ते ओढ्याकाठच्या दरडीजवळ टाकायचं, असा साधा बेत होता. दरडीत लांडग्यांचं बीळ होतं. निम्म्या गावानं माना डोलावल्या. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू? मेहुण्याचे डोळे सुजलेले मला बघवत नव्हते.

तेव्हा आमची डॉक्टर मागच्या खुर्चीवरून उठली.

“मामा, लांडगा ते मांस खाईल, पण त्याच्याआधी तुझा कुत्रा खाईल,” ती म्हणाली. “मग गिधाडं खातील. उरलेलं ओढ्यात जाईल, आणि त्याच ओढ्यावर तुझ्या मेंढ्या पाणी पितात. दोन लांडगे मेले तर त्यांच्या जागी दुसरे दोन येतील. दरवर्षी बाटली आणणार आहेस का?”

“मग काय करू? त्यांना जेवायला बोलावू?” मेहुणा म्हणाला.

तिनं उपाय सांगितला. मेंढवाड्याभोवती दोर बांधायचा आणि त्यावर लाल पट्ट्या टांगायच्या, जमिनीला टेकता टेकता राहतील अशा. लांडगा फार संशयी प्राणी आहे. वाऱ्यावर हलणारी अशी ओळ दिसली की तो थबकतो. त्याला ती काय आहे ते कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीच्या पलीकडे तो पाय टाकत नाही. किती तरी ठिकाणी मेंढपाळ हेच करतात. काठी नाही, बंदूक नाही.

“लांडग्याला वाटेल, आज इथे कुणाचा वाढदिवस आहे,” न्हावी म्हणाला, आणि सभागृह हसलं. मी हसलो नाही. माझ्या पोरीला हसायचा मक्ता माझ्याकडे आहे, न्हाव्याकडे नाही.

ती हसणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, “मला तीन आठवडे द्या. तोवर कोकरं कळपाबरोबर वरच्या कुरणात जाण्याएवढी होतील. या तीन आठवड्यांत मामाच्या वाड्यातलं एक जरी जनावर गेलं तरी बाटली तुमची. मी मध्ये पडणार नाही.”

गावच्या प्रमुखबाईंनी मेहुण्याकडे बघितलं. तो मिशी चोळत म्हणाला, “भाचीचा शब्द आहे. तीन आठवडे दिले.” प्रमुखबाईंनी बाटली सभागृहाच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पोरीनं स्वतःचं नाव आणि दरडीतल्या त्या जनावरांचा जीव एकाच शब्दाला बांधला होता. शिवणार कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली, हातात कागद. पट्टी चार बोटं रुंद आणि हातभर लांब. दोन पट्ट्यांत हातभर अंतर. सगळ्या वाड्याला फेर धरायचा तर साडेतेराशे पट्ट्या. कापडाचा प्रश्न नव्हता. गावच्या बँडवाल्यांच्या कोटांसाठी मी लालभडक अस्तर आणून ठेवलं होतं, आणि कोट शिवायच्या आतच बँड चालवणाऱ्या दोघा भावांचं भांडण होऊन बँड फुटला होता. दोन तागे माळ्यावर धूळ खात पडले होते.

“वर दोन चुण्या घालून दोरावर शिवायची,” ती कागदावर बोट ठेवून म्हणाली. “आणि कडा तशाच सोडायच्या.”

“तशाच म्हणजे?”

“म्हणजे दुमडायच्या नाहीत. कापायच्या आणि सोडून द्यायच्या. पट्टी हलकी राहायला हवी.”

“अगं, अस्तराचं कापड आहे. दोन दिवसांत दोरे सुटतील.”

“सुटू देत.”

“बरं,” मी म्हणालो.

तिला दोन गावं पलीकडे लस टोचायला जायचं होतं, ती मोटारसायकलला लाथ मारून गेली. माझं ‘बरं’ म्हणजे काय असतं, हे इतक्या वर्षांत तिला कळायला हवं होतं.

पाच दिवस आम्ही तिघं शिवत होतो, मी, मावशी आणि दुसऱ्या मशीनवर बसणारी आमची मशीनवाली. प्रत्येक पट्टीच्या तिन्ही कडा मी दुहेरी दुमडायला लावल्या आणि वरून बारीक टाका मारला. चुण्या तर घातल्याच नाहीत. चार बोटं रुंदीच्या कापडाला चुण्या हा काय पोरखेळ आहे? वरची बाजू सपाट दुमडून दोरावर पक्की शिवून टाकली.

“पोरीनं चुण्या सांगितल्यात,” मावशी म्हणाल्या.

“पोरीला इंजेक्शनं कळतात,” मी म्हणालो. “कापड मला कळतं.”

वर इस्त्रीही केली. लांडग्यांसाठी शिवलेल्या कापडाला इस्त्री करणारा शिंपी दुसरीकडे सापडला तर मला कळवा. एकेक दोर उजेडात धरला, एकाही ठिकाणी दोरा लोंबत नव्हता. काही न बोलता वरच्या फळीवर ठेवला.

मेहुण्यानं आणि त्याच्या मुलांनी दोर गुडघाभर उंचीवर बांधला. त्या दिवशी वारा नव्हता. सगळ्या पट्ट्या शाळेच्या रांगेसारख्या सरळ उभ्या होत्या, आणि उतारावरून बघताना वाडा असा नटलेला दिसत होता की मला स्वतःचाच हेवा वाटला. डॉक्टर संध्याकाळी आली. तिनं एक पट्टी हातात घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं.

“बाबा, कडा दुमडल्यात.”

“मग काय, लोंबत्या सोडू? दुकानाचं नाव आहे.”

ती ओळीकडे बघत राहिली. उसवायला वेळ नव्हता, लांडगे आदल्या पहाटेच ओढ्यावर दिसले होते. “बघू,” ती म्हणाली.

आठ दिवस काही झालं नाही. लांडगे लांबून बघायचे आणि निघून जायचे. गावातली माणसं संध्याकाळी फिरायला म्हणून वाड्यावर यायला लागली. न्हावी आला, त्यानं टाका जवळून बघितला आणि ‘हं’ म्हणाला. त्याचा ‘हं’ मी आठ दिवस पुरवून खाल्ला. जो भेटेल त्याला मी दुहेरी दुमडीचं महत्त्व समजावून सांगत होतो.

आठव्या दिवशी वारा सुटला. दिवसभर, रात्रभर एकसारखा वाहत होता, दुकानाची पाटी धडधडत होती. नवव्या दिवशी सकाळी मी शटर वर करत होतो तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, “भाऊजी, या.”

एक मेंढी गेली होती आणि तिची दोन कोकरं. मेहुणा वाड्याच्या फाटकाशी बसला होता, त्यानं माझ्याकडे वर बघितलंही नाही. डॉक्टर माझ्याआधी पोचली होती. ती पश्चिमेच्या बाजूला दोराजवळ उकिडवी बसली होती, मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि मला सगळं दिसलं.

त्या बाजूला चाळीसेक हात दोर उघडा होता. पट्ट्या होत्या, पण त्या दोराभोवती गुंडाळून बसल्या होत्या. वाऱ्यानं पट्टी उचलली, खालची दुहेरी दुमड जड म्हणून ती दोरावरून पलीकडे फेकली गेली, तिथून पुन्हा खाली, पुन्हा वर. एकदा वेढा बसला की ती कडक कड तिथेच अडकायची. वर चुण्या असत्या तर पट्टीला फिरायला जागा राहिली असती. मी तर तिला सपाट, घट्ट शिवून ठेवलं होतं. जमिनीवर पंजांचे ठसे सरळ त्या उघड्या दोराखालून आत गेले होते. हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. गावाला वाटलं असतं, दोराचा खेळ फसला. चूक फक्त शिंप्याला दिसणारी होती, आणि शिंपी मी होतो.

डॉक्टरनं एक गुंडाळी बोटानं सोडवली. वारा आला आणि ती परत गुंडाळली. तिनं माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही. ही गप्प बसण्याची तऱ्हा माझ्या दुकानातली नव्हती. या गप्प बसण्यात घडी नव्हती.

उन्हं कलता कलता सभा भरली. प्रमुखबाईंनी कपाट उघडून बाटली टेबलावर ठेवली. मी दुपारभर दुकान बंद करून आत बसलो होतो आणि एक काम केलं होतं, ते माझ्या खिशात होतं. ते बाहेर काढायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं. चाळीस वर्षांचं नाक एका संध्याकाळी कापून टेबलावर ठेवायचं म्हणजे सोपं काम नाही.

डॉक्टर उठली.

“शब्द मी दिला होता,” ती म्हणाली. “दोर माझ्या सांगण्यावरून लावला. आठव्या दिवशी वारा सुटला तेव्हाच मी फेरी मारायला हवी होती, मी मारली नाही. चूक माझी आहे. मामा, तुझी मेंढी माझ्यामुळे गेली.”

दुमडीबद्दल एक अवाक्षर नाही. चुण्यांबद्दल नाही, कागदाबद्दल नाही. ती तिथे हात मागे बांधून उभी होती आणि माझं ओझं आपल्या डोक्यावर घेत होती. बापाला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये म्हणून पोरगी स्वतःचं नाव घालवायला निघाली होती. माझे कान तापले. अशी मुलगी पोटी आल्यावर बापानं खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसायचं, याची मला लाज वाटली.

“थांबा,” मी म्हणालो. “तो पंखा इकडे आणा.”

सभागृहात एक उभा पंखा आहे, उन्हाळ्यात प्रमुखबाईंच्या खुर्चीशेजारी असतो. लोकांना वाटलं, मला चक्कर येतेय. एकानं पाणी आणलं. मी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, त्यांच्यामध्ये सुतळी बांधली आणि खिशातून दोन पट्ट्या काढल्या. एक वाड्यावरची, माझी. दुसरी दुपारी कापलेली, डॉक्टरच्या कागदाबरहुकूम, वर दोन चुण्या आणि कडा तशाच. दोन्ही टांगल्या आणि पंखा लावला.

माझी पट्टी तीनदा उडाली आणि सुतळीला गुंडाळून बसली. डॉक्टरची फडफडत राहिली. पंखा वाढवला, तरी फडफडतच राहिली. तिचे दोरे सुटत होते, पण ती अडकत नव्हती.

“ही डॉक्टरनं सांगितलेली,” मी म्हणालो. “मला कागदावर लिहून दिलं होतं. ही दुसरी मी केली. मला वाटलं, माझ्या दुकानातून अशी भिकार कड बाहेर गेली तर लोक काय म्हणतील. तिचं मी ऐकलं नाही. मेंढी तिच्यामुळे नाही, माझ्या नाकामुळे गेली. आणि आता कान उघडून ऐका, मी हे पुन्हा म्हणणार नाही. कापडाच्या कामात ही पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली.”

मेहुणा उठून पुढे आला. त्यानं गुंडाळलेली पट्टी सोडवली, पंख्यासमोर धरली, ती परत गुंडाळताना बघितली. मग दुसरी बघितली. त्याचे डोळे अजून लाल होते.

“भाऊजी, तुम्ही हे सगळ्यांसमोर कबूल करताय?”

“करतोय.”

“माझ्या लग्नातल्या कोटाची बाही आखूड झाली होती. तीस वर्षं झाली, ते तुम्ही अजून कबूल केलं नाही.”

“बाही बरोबर होती,” मी म्हणालो. “तुझा हात लांब आहे.”

पहिला हसला तो न्हावी. मग सगळं सभागृह हसलं, मेहुणाही हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. तो प्रमुखबाईंकडे वळला.

“मेंढ्या माझ्या गेल्या, तर बोलायचा हक्कही माझा. भाचीनं सांगितलेला दोर अजून लागलेलाच नाही. आजची रात्र आम्ही कुत्री घेऊन जागू. उद्या सूर्य मावळायच्या आत तिचा दोर लागला पाहिजे. लागला तर उरलेले दिवस तिचे.”

प्रमुखबाईंनी बाटली परत कपाटात ठेवली.

साडेतेराशे पट्ट्या, एक दिवस. माझ्या दोन मशिनींवर ते होणार नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. सकाळी मी सभागृहात पोचलो तर दारात हातगाडीवरून मशिनी उतरत होत्या. गावात घरोघरी जी काही शिवणयंत्रं होती, कुणाच्या आईची, कुणाच्या सासूची, त्यातली अकरा आली. टेबलांची रांग लागली. आम्ही दोर वाड्यावरून काढून पन्नास पन्नास हातांचे तुकडे करून आणले. तिन्ही बाजूंच्या दुमडी कात्रीनं उडवायच्या, वरची शिवण उसवायची, दोन चुण्या घालायच्या, परत दोरावर शिवायची. डॉक्टरनं एकदा करून दाखवलं आणि मी मान खाली घालून शिकलो.

न्हावी स्वतःची कात्री घेऊन आला. “कात्री मलाही चालवता येते,” तो म्हणाला आणि माझ्याच शेजारी बसला. मेहुण्यानं तर मेंढ्यांची लोकर कापायची मोठी कात्री आणली. त्या कात्रीनं तो एका झटक्यात पाच पट्ट्यांच्या कडा उडवायचा. पाच दिवस डोळे फोडून घातलेले माझे बारीक टाके जमिनीवर पडत होते, आणि त्यांच्यावरून लोक चालत होते. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण आजूबाजूला बघितलं की वाटायचं, एवढी माणसं एकत्र शिवताना मी आजवर पाहिली नव्हती, आणि ती सगळी माझ्या पोरीच्या कागदावरून शिवत होती.

सवय मात्र जात नाही. तयार पट्टी हातात आली, सुटलेला दोरा दिसला की माझी कात्री आपोआप तिकडे वळायची. मावशींनी दोनदा माझ्या हातावर चापट मारली.

“हात मागे घ्या. तो दोरा तिथेच राहू दे.”

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शेवटची गाठ मेहुण्यानं बांधली. वारा होता. सगळा वाडा लाल फडफडत होता, आणि ती फडफड कानांनाही ऐकू येत होती. माझ्या आधीच्या रांगेसारखी ही सुंदर नव्हती. एक पट्टी तिरकी, दुसरी झिपरी, कुठे चुणी मोठी तर कुठे लहान. पण गुंडाळलेली एकही नव्हती.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मेहुण्याचा फोन आला. पुन्हा तेच, “भाऊजी, या. डॉक्टरलाही आणा.” डॉक्टरच्या मागे मोटारसायकलवर बसून मी वर पोचलो.

मेहुणा पश्चिमेच्या बाजूला उभा होता. त्यानं हातानंच आम्हाला हळू या म्हणून खुणावलं. दोरापलीकडे वीस पावलांवर लांडगी उभी होती. मी एवढ्या जवळून लांडगा कधी पाहिला नव्हता. राखाडी, हडकुळी, पोटाखाली स्तन लोंबलेले. ती दोराच्या कडेकडेनं चालली, थांबली, नाक पुढे करून एका पट्टीकडे बघत राहिली. पट्टी उडाली तशी दोन पावलं मागे सरली. मग पुढच्या पट्टीपाशी. अशी ती पश्चिमेची सगळी बाजू फिरली, एकेक पट्टी तपासत. माझं शिवणकाम इतक्या बारकाईनं आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं बघितलं नव्हतं. ओल्या मातीत तिचे ठसे दोरापर्यंत येत होते आणि तिथून परत फिरत होते. अलीकडे एकही नव्हता.

“पिल्लांची आई आहे,” मेहुणा हळूच म्हणाला. त्याच्या हातात काठी होती, ती त्यानं उचलली नाही. “जा बाई. ससे बघ कुठे.”

लांडगीनं एकदा आमच्याकडे बघितलं, वळली आणि ओढ्याच्या दिशेनं निघून गेली. वाड्यात कोकरं आयांना ढुश्या देत दूध पीत होती. मेहुणा भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. मी तोंड दुसरीकडे फिरवलं. छाती एवढी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं, आणि ते बटण मावशींनी लावलेलं होतं, ते तुटत नाही.

तीन आठवडे संपले. त्यानंतर एकही मेंढी गेली नाही, एकही कोकरू गेलं नाही. कळप वरच्या कुरणात निघाला त्या दिवशी प्रमुखबाईंनी कपाटातली बाटली डॉक्टरच्या हातात दिली, तिनं ती नीट नष्ट करण्यासाठी नेली. लगेच दोरही उतरवायला लावला. फार दिवस राहिला तर लांडग्याला कळतं की यात काही नाही, आणि मग तो भीत नाही. पुढच्या वर्षी मेंढ्या व्यायला लागल्या की परत बांधायचा. तोवर शेजारच्या दोन गावांतून निरोप आले होते, आम्हालाही तसा दोर शिवून द्या, तसाच, कच्च्या कडांचा.

डॉक्टर दोराचं भेंडोळं घेऊन दुकानात आली तेव्हा दुपार होती. बायकोनं माझा डबा आणला होता, ती स्टुलावर बसली होती. डॉक्टरनं भेंडोळं कापणीच्या टेबलावर ठेवलं. त्यातली एक पट्टी दोरावरून सुटून आली होती, ती तिनं हातात घेतली. उन्हानं रंग उडालेला, तिन्ही बाजूंनी दोरे सुटून झालर झालेली. तिनं ती उलटी केली. चुण्या ताणून बघितल्या. मग खिडकीपाशी जाऊन उजेडात धरली.

मशीनवालीचा पाय थांबला. मावशींनी सुई हवेतच धरली. चाळीस वर्षांत माझं काम कुणी असं तपासलं नव्हतं, आणि मी कापणीच्या टेबलाला टेकून नव्या कारागिरासारखा उभा होतो.

ती काहीच बोलली नाही. तिनं पट्टीची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि हात उंचावून वरच्या फळीवर ठेवली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला मी आरशाकडे वळलो, पण आरशात सगळ्यांना दिसलंच.

“अगं, बघ तरी त्यांच्याकडे,” आई लेकीला म्हणाली. “बापाला दोन शब्द बोल की.”

“घडी घातली ना?” डॉक्टर म्हणाली.